समारोपाचं प्रात्यक्षिक रद्द करा

एप्रिल संपत आला की आमच्या साताऱ्यात विजेच्या खांबांवर पत्रकं चढतात. हस्ताक्षर सुधारणा, अबॅकस, पोहणं, बुद्धिबळ, आणि त्यांत हमखास एक 'बाल योग शिबिर'. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत फायदे छापलेले असतात : स्मरणशक्ती वाढते, एकाग्रता वाढते, उंची वाढते, परीक्षेची भीती जाते. गेल्या वर्षी एका पत्रकावर 'मोबाइलचे व्यसन सुटते' हेही वाचलं. दहा दिवसांत, सकाळी सहा ते साडेसात या वेळात, इतकं सगळं. ही यादी वाचली की मला केसांच्या तेलाची जाहिरात आठवते.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी अशाच एका शिबिरात मदतीला जातो. चार उन्हाळे झाले. शिकवत नाही, ती माझी लायकी नाही. सतरंज्या घालणं, हजेरी घेणं, पाण्याच्या बाटल्या कुणाच्या कुठल्या ते सोडवणं आणि शेवटी मूठ मूठ गूळ-शेंगदाणे वाटणं ही माझी कामं. बाकीचा वेळ मी मागच्या भिंतीला टेकून बसतो आणि मुलांकडे बघतो. चार वर्षं बघून माझं मत असं झालंय की शिबिरातून मुलांना पत्रकातलं जवळजवळ काहीच मिळत नाही. मिळतं ते वेगळंच, आणि ते आपणच शेवटच्या चार दिवसांत त्यांच्याकडून काढून घेतो.

काय मिळतं ते आधी सांगतो.

तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाई मुलांना मनगटावरची नाडी बघायला लावतात. पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. कुणाला नाडी सापडतच नाही, कुणी अंगठाच दाबून बसलेलं, कुणी शेजाऱ्याची बघतंय. मग हळूहळू सगळे शांत होतात, कारण सापडली की ती सोडवत नाही. बाई सांगतात, आता श्वास घ्या, आणि सोडताना अगदी सावकाश सोडा, बोटं हलवू नका. गेल्या वर्षी एक तिसरीतला मुलगा एकदम ओरडला, "बाई, माझी थांबायला लागली!" बाई म्हणाल्या, "थांबत नाही रे, हळू झाली. आता श्वास घे, बघ." त्याने घेतला. नाडी पुन्हा पळायला लागली. त्याने सोडला. मंदावली. पुढची दहा मिनिटं तो जीभ बाहेर काढून तेवढंच करत बसला होता. त्या दिवशीची आसनं त्याने एकही केली नाहीत आणि बाईंनीही त्याला हलवलं नाही.

यात जादू काही नाही. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना कमी होते. सगळ्यांचंच असं होतं, आणि लहान मुलांत हा फरक मोठ्यांपेक्षा ठळक जाणवतो. पण त्या पोराच्या बाजूने बघा. आठ वर्षांच्या माणसाच्या हातात असतं काय? कधी उठायचं, काय खायचं, कुठल्या शाळेत जायचं, कुठल्या बाकावर बसायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. आणि इथे त्याला असं सापडलं की आपण श्वास लांबवला की आतलं काहीतरी आपलं ऐकतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात वाचायला लावलं नव्हतं, त्याने स्वतःच्या बोटाखाली बघितलं होतं. याला एकाग्रता म्हणायचं की आत्मविश्वास, ते पत्रक लिहिणारे ठरवोत. मला विचाराल तर ही ओळख आहे, स्वतःच्या शरीराशी झालेली, आणि ती बऱ्याच जणांची पन्नाशीत डॉक्टरांकडे गेल्यावर होते.

बघून मग बोलायचं, ही सवय आपल्याकडच्या योगाला नवी नाही. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था सुरू केली तेव्हा दावे करण्याआधी मोजमाप केलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो का, हे त्यांनी यंत्र लावून पाहिलं, क्ष-किरणांखाली उड्डियान, म्हणजे पोट आत ओढून धरणं, तपासलं, आणि जे सापडलं ते 'योगमीमांसा' या त्रैमासिकात छापलं. शंभर वर्षं झाली त्याला. आणि आमचं पत्रक अजून उंची वाढवतंय!

दुसरी मिळकत शवासनातली. आमच्या शिबिरात शेवटची बारा मिनिटं मुलं पडून असतात. पहिल्या दिवशी ते बघण्यासारखं असतं. साठ मुलं आडवी आणि एकशे वीस पाय हलतायत. एकाला खाज सुटते, ती पुढच्या रांगेत पसरते. एक जण नक्की वायू सोडतो आणि मग चार मिनिटं हसण्यात जातात. पाचव्या दिवसापर्यंत मात्र हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. एक सहावीतला मुलगा दर वेळी घोरायचा. त्याला उठवू का, असं मी खुणेने विचारलं, तर बाईंनी मान हलवून नको म्हटलं. नंतर एका मुलीला मी गूळ देताना सहज विचारलं की तुला यातलं काय आवडतं. मला वाटलं वृक्षासन म्हणेल, तिला ते फार छान यायचं. ती म्हणाली, "शेवटचं. पडून राहिलं तरी कोण ओरडत नाही."

हे वाक्य मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. मुलांचा दिवस आपण कसा आखलाय त्याचा हिशेब त्यात आहे. शाळा, शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर गृहपाठ, आणि सुट्टी लागली की खांबावरची पत्रकं. मे महिन्यात आजोळी जाऊन नुसतं लोळायचं, आंबे खायचे, विहिरीत पोहायचं, हा उद्योग आता बऱ्याच घरांत उरला नाही, कारण आजोळच फ्लॅटमध्ये आलंय आणि आई-बाबा दोघंही कामावर जातात. शिबिर ही पालकांचीही गरज आहे, हे उगाच लपवण्यात अर्थ नाही. पण मग निदान त्या दीड तासात अशी बारा मिनिटं असावीत, जिथे मूल काहीही करत नाही आणि तरी चुकत नाही. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसनाबद्दल फार थोडं लिहिलं. त्यातलं मुख्य सूत्र दोन शब्दांचं : स्थिरसुखमासनम्. स्थिर असावं आणि सुखाचं असावं. कपाळ गुडघ्याला टेकलंच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही.

तर मिळकत एवढीच. नाडी, श्वास, आणि पडून राहायची मुभा. भ्रामरीच्या, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायच्या, वेळी साठ मुलांच्या गुणगुणण्याने हॉलची खिडकी थरथरते तेव्हा त्यांना होणारा आनंद हवा तर त्यात धरा. मला हे थोडं वाटत नाही.

आता ते कसं जातं ते सांगतो.

सातव्या दिवशी संयोजक येतात आणि सांगतात की दहाव्या दिवशी समारोप आहे, पाहुणे येणार आहेत, तर प्रात्यक्षिक बसवायचं. त्या क्षणापासून शिबिराची हवा बदलते. नाडी बंद, शवासन चार मिनिटांवर. ज्यांची अंगं मुळातच लवचीक, ती मुलं पुढच्या रांगेत येतात. लहान मुलांची शरीरं अशीही वाकतात, काही जरा जास्तच वाकतात, त्यात योगाचं श्रेय काही नाही. पण चक्रासन घातलेली मुलगी फोटोत छान दिसते. ज्याचे हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचत नाहीत तो मागच्या रांगेत जातो. "तू मागं उभा राहा, म्हणजे दिसणार नाही," असं एका मुलाला सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. सांगणारा माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो मुलाची लाज राखतोय. सात दिवस त्या मुलाला आपण ताठ आहोत हे माहीतच नव्हतं.

हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत : अत्याहार, प्रयास, प्रजल्प, नियमाग्रह, जनसंग आणि लौल्य. आमच्या गेल्या समारोपात मी बसल्या बसल्या मोजल्या. अत्याहार म्हणजे नंतरची पावभाजी. प्रयास म्हणजे तीन दिवसांची रंगीत तालीम. प्रजल्प म्हणजे पाच भाषणं. त्यांतल्या एका वक्त्याने योगाचा उगम सांगता सांगता नगरपालिकेची निवडणूक गाठली. नियमाग्रह म्हणजे पांढरे मोजे सक्तीचे. जनसंग मांडवात होताच. आणि लौल्य, म्हणजे चंचलपणा, तो समोर उभ्या असलेल्या शंभरभर मोबाइलांत. सहाच्या सहा! पाहुणे पाऊण तास उशिरा आले तोवर मुलं उन्हात वज्रासनात बसून होती.

याहून मोठी गोष्ट त्याच मांडवात घडली. शाळेशेजारी एक इमारत उभी राहत होती आणि तिथल्या राखणदाराचं कुटुंब पत्र्याच्या खोलीत राहायचं. त्यांची दोन पोरं, भाऊ आणि बहीण, दुसऱ्या दिवसापासून हॉलच्या खिडकीच्या गजांना धरून आत बघायची. वृक्षासन सुरू झालं की तीही एका पायावर, गजाला धरून. चौथ्या दिवशी बाईंनी त्यांना आत घेतलं. सतरंजी मोठी होती, जागा होती, गूळ-शेंगदाणेही पुरले. हजेरीत मी त्यांची नावं शेवटी पेनने लिहिली. मुलगी चार दिवसांत अशी काही रुळली की भ्रामरीत सगळ्यांत लांब तिचाच आवाज टिकायचा. समारोपाला मात्र टी-शर्ट फी भरलेल्यांसाठीच आले होते, आणि बिनटी-शर्टाचं मूल रांगेत उठून दिसतं. दोघं परत खिडकीच्या गजापाशी गेली. त्या दिवशी मांडवाचा खांब होता, एवढाच फरक. कुणी त्यांना हाकललं नाही. त्यांचं त्यांनाच कळलं. पेनने नावं लिहिणारा मीही त्या वेळी खुर्च्या मांडत होतो, हेही सांगून टाकतो.

प्रात्यक्षिक नसतं तर ती दोघं दहाव्या दिवशीही सतरंजीवर असती. माझा सगळा मुद्दा खरं तर इतकाच आहे. जे शिबिर दाखवायचं नसतं, त्यात कुणालाही घेता येतं. दाखवायचं ठरलं की निवड येते, गणवेश येतो, खर्च येतो, आणि खर्चाबरोबर फी. खरं बघितलं तर योगाइतकं स्वस्त शिकणं दुसरं नाही. सपाट जमीन, जुनी चादर आणि शिकवणारं माणूस. नागपुरात जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळाने कित्येक दशकं मोफत वर्ग चालवून हे दाखवून दिलंय. आमच्या गावात मे महिन्यात नगरपालिकेच्या शाळांचे हॉल कुलपात असतात. सकाळी सहा ते आठ ते उघडायचे, आसपासच्या वस्तीतल्या कुठल्याही मुलाला आत यायची मुभा ठेवायची, एवढं नगरपालिकेने केलं तर शिकवायला माणसं मिळतील. आमच्या बाई तर आताच तयार आहेत. पाठदुखी बरी झाली म्हणून योगाकडे वळलेले, नीट शिकलेले निवृत्त लोक गावोगाव आहेत.

यावर संयोजकांचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते खोटं नाही. ते म्हणतात, प्रात्यक्षिक नसेल तर पुढच्या वर्षी निम्मी मुलं येणार नाहीत. पालकांना दिसायला हवं काहीतरी. पैसे दिले, मूल काय शिकलं? "श्वास हळू सोडायला शिकलं" हे शेजाऱ्यांना कसं सांगणार? हे मी बँकेच्या काउंटरवर तीस वर्षं बघितलंय. पासबुकात नोंद उमटल्याशिवाय माणसाचा पैसे जमा झाल्यावर विश्वास बसत नाही. निम्मी मुलं खरंच कमी होतील कदाचित. तीस येतील. तीस मुलांची नाडी बघायला बाईंना जास्त वेळ मिळेल, असं मी त्यांना म्हटलं, तर ते हॉलच्या भाड्याचं बोलले. तिथे माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणूनच वरची नगरपालिकेची गोष्ट.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रात्यक्षिकाला आपल्याकडे परंपरा आहे आणि ती लाजिरवाणी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, त्यांच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. मल्लखांबावरचं पोर बघताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. योगासनांनाही डिसेंबर २०२०मध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. ज्या मुलाला त्यात जायचंय त्याने जरूर जावं. पण तो वर्षानुवर्षांचा रियाझ असतो, चांगला प्रशिक्षक असतो, पडलं तर धरायला माणूस असतो. दहा दिवसांच्या शिबिरात सातव्या दिवशी बसवलेल्या मनोऱ्याला ते नाव देणं म्हणजे त्या खेळाडूंचा अपमान आहे, आणि सगळ्यांत खालच्या मुलाच्या मानेला धोका.

तिसरं म्हणजे, दहा दिवसांत होणार काय, असं विचारणारे. त्यांच्या बाजूने तर पतंजलीच आहेत. अभ्यास पक्का कधी होतो? दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तर. दहा दिवस म्हणजे दीर्घकाळ नव्हे. आमच्याच जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते रोजच्या वेळापत्रकात आणले. त्या पिढीतली औंधची माणसं म्हातारपणीही नमस्कार घालताना दिसायची ती त्या रोजच्यामुळे. सक्तीबद्दल मात्र मला शंका आहे. आमच्या शाळेत उशीर झाला की बारा नमस्कार ही शिक्षा होती. त्या शिक्षेने आम्ही वेळेवर यायला शिकलो नाही. सूर्यनमस्कार म्हणजे गुन्ह्याचा दंड, एवढं मात्र डोक्यात इतकं घट्ट बसलं की मी पुन्हा नमस्कार घातला तो साठीनंतर. म्हणून शिबिराने दहा दिवसांत सवय लावायचा आव आणू नये. चव द्यावी. चव राहिली तर मूल पुढे कधीतरी, दहावीच्या आदल्या रात्री किंवा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीबाहेर बसलेलं असताना, बोट मनगटावर ठेवेल. नाही राहिली तर नाही.

ओंकाराबद्दल दरवर्षी एखाद्या घरातून विचारणा होते. बाईंचा नियम साधा आहे : म्हणायचं त्याने म्हणावं, नाही त्याने नुसतं गुणगुणावं. भ्रामरीला तसाही शब्द लागत नाही. यावर सभा घ्यायची गरज आजवर पडलेली नाही.

एक मात्र योगवाल्यांनीही मान्य करायला हवं. योग हा खेळण्याला पर्याय नाही. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी धाप लागेल असं हुंदडावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ताडासनात धाप लागत नाही. आमच्याकडे गूळ-शेंगदाणे खाऊन झाले की मुलं शाळेच्या मैदानावर लंगडी आणि विषामृत खेळतात, ऊन चढेपर्यंत. शिबिराला का येता, असं विचारलं तर निम्मी मुलं हेच कारण देतील, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. शवासनात शांत पडलेलं पोर पंधरा मिनिटांनी भिंतीवरून उडी मारत असेल, तर दोन्ही गोष्टी नीट चालल्यात असं मी समजतो.

यंदाची तयारी सुरू झाली आहे. बांधकाम पूर्ण झालं, राखणदाराचं कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं. कुठे ते इमारतीतल्या कुणाला माहीत नाही. पत्रकाचा मसुदा छापखान्यात द्यायला परवा मलाच पाठवलं होतं. फायद्यांच्या यादीतून उंची मी माझ्या अधिकारात खोडली. शेवटची ओळ होती, 'समारोप व प्रात्यक्षिके : मा. ... यांच्या शुभहस्ते'. पाहुणे अजून ठरायचे असल्यामुळे मधे टिंबं होती. छापखान्याच्या मालकांना म्हटलं, नावाची जागा तशीच मोकळी छापा. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "मोकळीच ठेवायची तर ओळ कशाला, काढूनच टाका ना." आणि त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.